वळणावरचं डिझेल

नेमसिंग राठोड पिकअपच्या खाली उताणा पडून टाकीला साबण चोळत होता. कपडे धुवायच्या पिवळ्या साबणाची अर्धी वडी हातात होती. बोट ओलं करायचं, वडीवर फिरवायचं आणि जमलेला लगदा टाकीच्या शिवणीत दाबून बसवायचा. टाकी आवळून धरणाऱ्या पट्ट्याखाली गंज इतका धरला होता की नख लावलं तरी पापुद्रा निघायचा. डिझेलचा थेंब आधी त्याच्या गळ्यावर पडला, मग कॉलरीत उतरला. त्याने तो पुसला नाही. पुसायला हात मोकळा नव्हता.

हंसाबाई, त्याची बायको, वेचणीची ओटी कंबरेला बांधून बाजूला उभी होती.

"झालं का वो?"

"थांब. दाबू दे."

"दिवाळीच्या आंधीपासून दाबूनच राह्यले तुमी. बाभुळगावले दाखवून काहून नाही देत?"

"दाखवाले टाकी खाली उतरवा लागते. धुवा लागते, वाळवा लागते. दोन दिवस गाडी उभी राहीन. अठरा बाया कोन नेईन मंग? तू नेशीन डोक्यावर?"

हंसाबाईने ओटीची गाठ आवळली. बोंडं फुटून कापूस लोंबत होता. राळेगावकडे पुंडलिकरावांच्या शेतात पहिली वेचणी जोरात होती आणि पुंडलिकरावांनी साफ सांगून ठेवलं होतं, एक दिवस गाडी चुकली तर दुसऱ्या गावच्या बाया लावतो. तांड्यातल्या बायांना हेच दोन महिने काम. नेमसिंगची गाडी बारा वर्षांची होती, पण तांड्यात चार चाकांचं दुसरं काही नव्हतं.

गाडी तांड्याच्या उतारावरून खाली आली आणि डांबरी रस्त्याला लागायच्या आधी पुलापाशी, वळणावर उभी राहिली. रोज इथेच उभी राहायची. खालच्या वस्तीच्या सहा-सात बाया चालत इथवर यायच्या आणि त्या येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जायची. नेमसिंग उतरला, मागे जाऊन वाकला. साबणाचा लगदा अर्धा गळून पडला होता. खाली सुपाएवढा काळा डाग झाला होता आणि त्यातून बोटभर धार निघून उतारावरून वळणात गेली होती. कालचा डाग, परवाचा डाग, सगळे एकात एक मिसळले होते. आभाळ भरून आलं होतं.

"दोन फावडे माती टाका त्याच्यावर," हंसाबाई गाडीतून म्हणाली. "कोनी घसरन."

फावडं गाडीतच होतं. नेमसिंगने ते ओढून काढलं. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पुंडलिकराव होते. पाणी येईलसं दिसतं, कापूस भिजायच्या आत जेवढा निघेल तेवढा काढायचा आहे, कुठे आहात, असं म्हणत होते. बाया चढल्याच होत्या. नेमसिंगने फावडं परत आत टाकलं.

"सांजच्याला टाकू," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

नऊच्या सुमाराला पाऊस आला. पाऊस कसला, नुसती भुरभुर. पण कापूस वेचता येईना. बाया ताडपत्रीखाली दाटीवाटीने बसल्या. पावणेदहाला फोन आला तो धावजीचा.

धावजी आणि नेमसिंग सख्खे भाऊ नव्हते. घरं शेजारी, भिंतीला भिंत. धावजी दहा वर्षांनी लहान, पण लहानपणापासून नेमसिंगच्या मागेमागे गुरं घेऊन हिंडलेला, म्हणून त्याला भिया म्हणायचा. त्याची बायको विजयमाला तांड्यातली आशा सेविका होती. नऊ वर्षं झाली, पोटुशा बायांना उपकेंद्रात नेणं, लेकरांना डोस पाजणं, घरोघरी हिंडणं हेच तिचं काम. त्यासाठी तिने स्कूटी घेतली होती. तांड्यात स्कूटी चालवणारी ती पहिली बाई.

"भिया," धावजी म्हणाला, "विजयमाला पडली. पुलापाशी. तिच्यानं उठनं होऊन नाही राह्यलं. ॲम्ब्युलन्सले टाइम लागन म्हनते. तुमी गाडी घेऊन या."

"पुलापाशी कोठी?" नेमसिंगने विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"वळनावर."

तो बायांना तिथेच ठेवून हंसाबाईला घेऊन निघाला.  वायपर एकच चालत होता, तो करकरत होता.

विजयमाला पुलाच्या दगडी कठड्याला पाठ लागलेली, तशीच पडून होती. स्कूटी गवतात आडवी होती. तिची रजिस्टरं आणि गोळ्यांची पिशवी कोणीतरी गोळा करून कठड्यावर ठेवली होती. तिच्या लुगड्याचा पदर काळ्या पाण्याने माखला होता. ती शुद्धीत होती. डोळे उघडे होते.

"हंसाबाई," ती म्हणाली, "माहे पाय सरळ हायेत का वाकडे?"

हंसाबाईने पाहिलं. "सरळ हाय वो."

"मले समजून नाही राह्यलं."

चार जणांनी तिला उचललं. कोणी हातांना धरलं, कोणी पायांना. मधे कंबर लोंबली आणि ती ओरडली. गाडीत बायांच्या बसायच्या पोत्यांवर तिला ठेवलं. धावजी तिचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसला.

यवतमाळ सात-आठ किलोमीटर राहिलं असेल तिथे चढावर इंजिनाने खोकल्यासारखं केलं, दोन गचके दिले आणि गाडी थांबली. सकाळी टाकीत पुरेसं डिझेल होतं. आता तळाला गेलं होतं आणि पाइपाने हवा धरली होती. नेमसिंगने मागच्या कॅनमधलं होतं नव्हतं ते टाकीत ओतलं, बॉनेट उघडलं आणि हातपंप दाबायला लागला. हवा निघता निघेना. दाब, सोड. दाब, सोड. बुडबुडे येतच राहिले.

"काहून थांबली, भिया?" मागून धावजी ओरडला.

"डिझेल."

"आंऽऽ?"

"डिझेल संपलं गा. येऊन राह्यलो. दोन मिनिटं."

दोन मिनिटांची वीस झाली. मागे विजयमाला कण्हत होती, मग कण्हणंही थांबलं, ते जास्त वाईट होतं. नेमसिंगच्या हाताला गोळे आले. शेवटी इंजिन धरलं.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात तिला आत नेलं. दुपारी डॉक्टरने धावजीला बाजूला घेऊन सांगितलं, कंबरेच्या वरचा मणका फुटला आहे, ऑपरेशन करू, पण पायांचं आत्ता काही सांगता येत नाही. धावजीने ते जसंच्या तसं नेमसिंगला येऊन सांगितलं. मग त्याने विचारलं, "म्हंजे काय भिया?" नेमसिंगला म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

तो संध्याकाळी परतला. शेतात राहिलेल्या बाया पुंडलिकरावांनी आधीच ट्रॅक्टरने पोचवल्या होत्या. पुलापाशी गाडी थांबवून त्याने फावडं काढलं आणि बाजूच्या बांधाची माती उकरून वळणावर टाकायला सुरुवात केली. दहा, बारा, पंधरा फावडी. पावसाने डाग धुऊन गेला होता. कडेच्या गवताचा तेवढा पट्टा जळल्यासारखा पिवळा पडला होता. खालच्या वस्तीचा लखीराम सायकल हातात धरून चालला होता. तो थांबला.

"बेस केलं, नेमसिंगभाऊ," तो म्हणाला. "लय घसरते इथी."

घरी हंसाबाईने भाकर वाढली. त्याने तुकडा मोडला आणि तसाच धरून बसला.

"कोनापाशी बोलू नका," ती म्हणाली.

"काय?"

"तुमाले मालूम हाय काय ते. आपल्याले याच तांड्यात राहा लागते. भिंतीले भिंत हाय. बोलून तिचे पाय येतीन का?"

दुसऱ्या दिवसापासून तो वळणावर गाडी उभी करेनासा झाला. पुढे पाचशे पावलांवर एक पडीक वावर होतं, तिथे मातीत उभी करायचा. बायांना तेवढं जास्त चालावं लागायचं. त्या कुरकुरल्या, पण कारण कोणी विचारलं नाही. टाकीला साबण लावणं चालूच होतं. आता खरं म्हणजे टाकी दुरुस्त करायला हवी होती, पण त्याला वाटायचं, आज टाकी उतरवली तर लोक म्हणतील आजच काहून उतरवली. म्हणून तो पहाटे, लोक बाहेर यायच्या आत, गाडीखाली शिरायचा. बायांसमोर पुन्हा खाली वाकायचा नाही. शेतात पोचल्यावर लघवीला गेल्यासारखं करून गाडीमागे जायचा आणि थेंब मोजायचा.

तीन आठवडे गेले. धावजी दवाखान्यातच होता, त्याची लेकरं हंसाबाईपाशी. त्याच्या वावरातला कापूस हंसाबाईने आणि तांड्यातल्या चार बायांनी एका बाजारच्या दिवशी वेचून त्याच्या घरात नेऊन टाकला. दुसरी वेचणी लागली. मग एका सोमवारी धावजी आला. दाढी वाढलेली, शर्ट ढगळा झालेला. नेमसिंगच्या ओसरीत बसला, पाणी प्याला.

"शुक्रवारी सुट्टी देऊन राह्यले," तो म्हणाला. "पाय नाही येत म्हनते. कंबरेखाली कायच नाही. लघवीची पिशवी लावली हाय, ते बदलवाचं मले शिकवलं."

हंसाबाईने तोंडाला पदर लावला.

"तिले सरळ झोपवून आना लागते. फळी देली त्याइनं. भिया, तुमचीच गाडी पाह्यजे. पन त्या दिवसासारखी रस्त्यात बंद नाही पडली पाह्यजे. तुमची टाकी गळते ना? बाया म्हनत होत्या."

"गळते," नेमसिंग म्हणाला.

"मंग चाला. तीन दिवस हायेत. आपन दोघं उतरवू. तवरी बाजूच्या खाटेवरच्या बाया पाहून घेतीन तिले."

मंगळवारी सकाळी दोघं गाडीखाली शिरले. पुंडलिकरावांना नेमसिंगने आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं, तीन दिवस गाडी येणार नाही. ते फक्त "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. बाया घरीच बसल्या होत्या.

तळाचं बूच निघत नव्हतं. पान्याने त्याचे कोपरे गोल होऊन गेले. शेवटी छन्नी लावून हातोड्याने ठोकत ठोकत फिरवलं, तेव्हा उरलंसुरलं डिझेल कॅनमध्ये उतरलं, गंजाने चहासारखं लाल झालेलं. मग पट्ट्यांचे बोल्ट. दोन निघाले, एक तुटला, एक कापावा लागला. धावजी उताणा पडून दोन्ही हातांनी टाकी वर रेटून धरत होता आणि नेमसिंग ब्लेड चालवत होता. लोखंडाचा कीस दोघांच्या डोळ्यांत पडत होता.

"भिया," धावजी टाकीकडे बघत म्हणाला, "म्या तिले लय बोललो."

"कोनाले?"

"विजयमालाले. पयल्या रात्री. ऑपरेशन व्हाचं होतं अजून. म्या म्हनलं, तुले कितीदा सांगतलं स्पीडनं जात नोको जाऊ. लेकरं हाय घरी. तुले त्या स्कूटीचा लय माज आला होता, म्हनलं. असं म्हनलो मी. बाजूच्या खाटेवरचे लोक आयकत होते."

ब्लेड थांबलं.

"ते म्हने, म्या हळूच होती. म्हनलं, हळू होती तं पडली कशी? मंग गप झाली. आता काहीच नाही म्हनत. इचारलं तं म्हनते, हाव, माहीच चुकी."

नेमसिंगने तोंड उघडलं. तोंडात गंजाचा चुरा पडला. तो थुंकला, मान वळवून. त्याच वेळी शेवटचा बोल्ट तुटला आणि टाकी एकदम दोघांच्या छातीवर आली. दोघंही "हां हां" करत तिला धरून राहिले. मग सरकवत सरकवत बाहेर काढली. बोलायचं राहून गेलं. राहून गेलं असं त्याने स्वतःला सांगितलं.

टाकी बाभुळगावला न्यायला धावजीने स्कूटी काढली. मधल्या काळात तांड्यातल्या कोणीतरी ती सुरू करून ठेवली होती. डावी बाजू खरवडलेली, आरसा नाही. धावजी चालवायला, मागे नेमसिंग, मांडीवर टाकी. वळणावर आल्यावर धावजीने स्कूटी इतकी हळू केली की पाय टेकवत टेकवत पुढे नेली. नेमसिंगने टाकीवर गाल टेकवला होता, मान दुसरीकडे.

रेडिएटरवाले हमीदभाई टाक्यांचंही काम करायचे. साठीचे, हाताची दोन बोटं जळून चिकटलेली. त्यांनी टाकी हातात घेऊन उन्हाकडे धरली, आत फुंकर मारली, वास घेतला.

"आज नाही होणार," ते म्हणाले. "डिझेलची टाकी हाय. आत वाफ राहिली अन् गॅस लावला तं माझं डोकं त्या छपरावर दिसन. सोडा टाकून गरम पाण्याने धुतो, रातभर पाणी भरून ठेवतो. उद्या दुपारी या."

बुधवारी दुपारी दोघं परत गेले. टाकी पाण्याने भरून आडवी ठेवली होती, भोकाचा भाग तेवढा वर. हमीदभाईंनी तारेच्या ब्रशने गंज खरवडला होता. खरवडल्यावर भोक एक नव्हतं, पट्ट्याखाली बोटभर लांब अशी चाळणीच निघाली होती. त्यांनी पत्र्याचा तुकडा कापला, ठोकून बसवला, गॅस पेटवला आणि पितळेची कांडी वितळवत कडेने फिरवायला लागले. निळी ज्योत, पिवळं पितळ. धावजी उकिडवा बसून बघत होता.

काम झालं. टाकीत हवा भरून त्यांनी ती पाण्याच्या हौदात बुडवली. एकही बुडबुडा आला नाही.

"नेमसिंगभाऊ, एक बात बोलू?" हात पुसत हमीदभाई म्हणाले. "इतकं मोठं भोक घेऊन तुमी इतके दिवस फिरून राह्यले. डिझेल गेलं ते गेलं. पन रस्त्यावर पडते ना हे. डांबरावर पडलं अन् वरून जराशी भुरभुर झाली का बस. साबणासारखं होते. कोनी टू-व्हीलरवाला गेला असता जिवानिशी."

नेमसिंग हौदाकडे बघत राहिला. टाकी पाण्यावर तरंगत होती, हलत होती. धावजी उकिडवाच होता. त्याने हात पुढे करून पितळेच्या जोडावर बोट ठेवलं. जोड पाण्याने गार झाला होता. त्याने बोट काढलं नाही.

"नाही म्हंजे, नशीब कोनाले झालं नाही काही," हमीदभाई म्हणाले.

परत येताना स्कूटी धावजीच चालवत होता. पुलापाशी त्याने स्कूटी कडेला लावली आणि बंद केली. नेमसिंग टाकी घेऊन उतरला. धावजी वळणात गेला. नेमसिंगने टाकलेली माती गाड्यांनी उडून गेली होती. धावजी खाली बसला, पिवळ्या पडलेल्या गवताची एक मूठ उपटली आणि नाकाशी धरली. 

"तिच्या लुगड्याले हाच वास होता," तो म्हणाला. "दवाखान्यात नर्सनं लुगडं मायाजवळ देलं. म्या म्हनलं गाडीत आनली म्हनून असन वास. तुमच्या गाडीत."

"धावजी."

"तुमी इथीच गाडी उभी करत होते."

"हाव."

"आता त्या वावरात करता."

"हाव. मीच गा," नेमसिंग म्हणाला. टाकी छातीशी धरूनच तो बोलत होता, खाली ठेवायचं सुचलं नाही. "त्या दिवशी सकाळी पाह्यलं होतं मी. तुही भोजाई म्हनली माती टाका. फावडं हाती घेतलं होतं. नाही टाकली. सांजच्याला टाकू म्हनलं."

एक ट्रक गेला. दोघं कडेला सरले.

नेमसिंगला वाटलं आता हा मारील. मारावं असं त्याला वाटत होतं. धावजीने गवत टाकलं, हात शर्टाला पुसले.

"तिले सांगू नका," तो म्हणाला.

"काहून?"

"तिनं कसंतरी मानलं हाय की तिचीच चुकी. मले वीस दिवस लागले तिच्याकून मानवून घ्याले. आता म्या कोन्या तोंडानं जाऊ तिच्यापाशी?" तो स्कूटीकडे वळला. "बसा. टाकी सांभाळा."

गुरुवारी त्यांनी टाकी बसवली. धावजी आला, गाडीखाली शिरला, टाकी वर रेटली. नवे बोल्ट आणले होते. "पाना." "धर." "आवळा." एवढेच शब्द. तो नेमसिंगला भिया म्हणाला नाही, नेमसिंगही त्याला नावाने बोलावू शकला नाही. काम चांगलं झालं. पाइप जोडले, डिझेल ओतलं, तासभर थांबून खाली कागद पसरून पाहिला. कोरडा होता. धावजीने तो कागद घडी करून खिशात घातला आणि घरी गेला.

शुक्रवारी सकाळी गादी, दोन रजया आणि हंसाबाईला घेऊन ते यवतमाळला गेले. धावजी पुढे बसला नाही. दवाखान्याच्या माणसांनी विजयमालाला फळीवर पट्ट्यांनी बांधून गाडीत ठेवलं. तिचे केस कापले होते. चेहरा लहान झाला होता, पाय रजईखाली दोन लाकडांसारखे सरळ. लघवीची पिशवी धावजीने तिच्या अंगाच्या पातळीखाली राहील अशी बांधली, दोनदा तपासली.

नेमसिंगने गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढे गेले. बाभुळगाव मागे टाकल्यावर एका कडुनिंबाखाली हंसाबाईने मागून काच ठोकली. पाणी पाजायचं होतं. तो उतरून मागे आला.

हंसाबाईने चमच्याने पाणी दिलं. विजयमालाने नेमसिंगला पाहिलं.

"भिया, तुमची लय तकलीफ झाली. कामाच्या दिवसात गाडी उभी ठेवली म्हने."

"नाही नाही."

"त्या दिवशी मी तीसच्या आत होती," ती म्हणाली. ती फांद्यांकडे बघून बोलत होती, जणू कोणाला सांगतच नव्हती. "वळनावर म्या ब्रेक लावला. गाडी खालून निघून गेली, कोनी ओढल्यावानी. मी रोज इचार करते. म्या काय केलं असन? हात हलला असन. डोळा लागला असन. मले आठवत नाही. पन काहीतरी केलंच असन ना. त्याबिगर कशी पडीन?"

धावजी फळीच्या टोकाशी बसला होता. त्याने नेमसिंगकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली. नको. हंसाबाईने नवऱ्याचा शर्ट मागून धरला.

"तू काहीच नाही केलं, विजयमाला," नेमसिंग म्हणाला. "माह्या गाडीचं डिझेल सांडलं होतं तिथी. मले मालूम होतं. मी माती नाही टाकली."

पलीकडच्या शेतात कोणीतरी मोटार चालू केली, तिचा आवाज येत राहिला. विजयमालाला समजायला वेळ लागला. मग तिने मान वळवली. तिला मानच वळवता येत होती.

"तुमाले मालूम होतं?" तिने धावजीला विचारलं.

"बुधवारी समजलं."

"आज शुक्रवार हाय."

धावजी रडायला लागला. तोंड उघडं ठेवून, आवाज न करता. ती त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. हंसाबाई तिच्या कपाळावर हात ठेवायला गेली तेव्हा ती म्हणाली, "हात काढा." मग म्हणाली, "गाडी चालवा. उन्ह लागून राह्यलं मले."

तांडा रिकामा होता. तिसरा दिवस संपल्यावर पुंडलिकरावांनी दुसरी गाडी पाठवून बाया नेल्या होत्या. म्हातारी माणसं तेवढी घरांत होती. लेकरं शाळेत. फळी उचलायला नेमसिंग, धावजी आणि हंसाबाई, तिघंच होते.

"उचला," विजयमाला म्हणाली. दुसरं काही म्हणायची सोय नव्हती.

दोन टोकांना दोघं आणि मधे हंसाबाई, असं करत त्यांनी तिला अंगणातून ओसरीपर्यंत आणलं. ओसरी अरुंद. कंबरेएवढी मातीची भिंत आणि तिच्या आत, हातभर जागा सोडून, दार. फळी आत आली, पण दाराकडे वळेना. पुढचं टोक भिंतीला लागायचं, मागचं खांबाला. त्यांनी उभी-आडवी करून पाहिली. तिरपी केली तेव्हा विजयमाला पट्ट्यांत एका बाजूला घसरली आणि तिने ओठ चावले.

"नाही जमत," धावजी म्हणाला.

फळी परत अंगणात आणून बाजेवर ठेवली. धावजी घरामागे गेला आणि सब्बल, लोखंडी पहार, घेऊन आला. त्याने ओसरीच्या भिंतीत सब्बल मारली. ही भिंत त्याने आणि विजयमालाने लग्नाच्या वर्षी घातली होती. ती दर दिवाळीला पोतारायची. यंदाचा पोतारा अजून पांढरा होता. नेमसिंगने आपल्या घरून कुदळ आणली आणि तो दुसऱ्या टोकाकडून लागला. धावजीने त्याला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माती कोरडी होती, ढेकळं धपाधप पडत होती, धूळ उडून दोघांच्या डोक्यावर बसत होती.

धूळ विजयमालाच्या तोंडावर जाऊ नये म्हणून हंसाबाईने पदर आडवा धरला. विजयमालाने हात वर करून तो बाजूला केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मले पाहू द्या."